हाताने बदलायचा सांधा यार्डात का टिकला?

रेल्वेगाडी एका रुळावरून दुसऱ्यावर न्यायची तर रूळच सरकवावा लागतो, हे खाणींमधल्या घोड्यांच्या गाड्यांपासून ठाऊक होते. अवघड होते ते पुढचे: सरकवलेला रूळ, वरून चाके जात असताना, जागेवर धरून कोण ठेवणार? सांधा म्हणजे रूळ सरकवून गाडीची वाट बदलणारी जोडणी. त्याची बरीचशी रचना या एका प्रश्नातून आली आहे.

सुरुवातीच्या साध्या सांध्यात, म्हणजे स्टब स्विचमध्ये, येणाऱ्या वाटेचे दोन्ही रूळच टोकाशी मोकळे असत. दांडा ओढला की ती बोथट टोके या किंवा त्या वाटेसमोर येऊन उभी राहत. तीन वाटांचा सांधाही असा सहज करता येई. पण रूळ उन्हाने वाढले की टोके एकमेकांना भिडून सांधा अडकायचा, म्हणून मध्ये फट ठेवावी लागे आणि प्रत्येक चाक त्या फटीवर आदळे. त्याहून वाईट म्हणजे सांधा चुकीच्या बाजूला लागलेला असताना फाट्याकडून, म्हणजे दोन वाटा एकत्र येतात त्या बाजूने, गाडी आली तर समोर रूळच नसे. चाके थेट स्लीपरवर उतरत. तरीही अमेरिकेत हा प्रकार एकोणिसाव्या शतकात भरपूर वापरला गेला.

१८३८ मध्ये इंग्रज अभियंता चार्ल्स फॉक्स याने सांध्याचे पेटंट घेतले. आज दिसतो तो टोकदार जिभांचा सांधा त्याच वळणाचा. त्यात बाहेरचे दोन स्टॉक रेल हलत नाहीत. आतल्या दोन टंग रेल, म्हणजेच जिभा, टोकाकडे निमुळत्या होत जातात आणि एका वेळी एकच स्टॉक रेलला चिकटते. दुसरी उघडी राहते आणि त्या फटीतून चाकाची कड निघून जाते. दोन्ही जिभा स्ट्रेचर बारने जोडलेल्या असतात, त्यामुळे एक मिटली की दुसरी उघडतेच. ब्रॉडगेजवर टोकाशी ही सरक साधारण १०० ते ११५ मिलिमीटर असते. आणि फाट्याकडून गाडी आली तर चाकाची कडच जिभेला ढकलून वाट करून घेऊ शकते. स्टब स्विचला हे कधीच जमले नाही.

समोरून, म्हणजे जिभांच्या टोकाकडून फेसिंग दिशेने, येणाऱ्या गाडीचा धोका मात्र कायम होता. १८५६ मध्ये जॉन सॅक्सबी याने सांधे आणि सिग्नल एकत्र चालवण्याचे पेटंट घेतले. ऑगस्ट १८७३ मध्ये विगन स्थानकात वेगात जाणाऱ्या प्रवासी गाडीचे मागचे डबे फेसिंग सांध्यावर घसरून १३ जण दगावले. ब्रिटनमध्ये १८८९ च्या कायद्याने प्रवासी मार्गांवर इंटरलॉकिंग, म्हणजे सांधे आणि सिग्नल एकमेकांत अडकवणारी जोडणी, सक्तीचे झाले. तिथला सांधा सिग्नलच्या केबिनमधून, कुलूपबंद अवस्थेत चालू लागला. यार्डातला, म्हणजे डबे उभे करण्याच्या आणि जुळवण्याच्या आवारातला, सांधा या सक्तीबाहेर राहिला. गाडी चालण्याच्या वेगाने जाते, डब्यात प्रवासी नसतात, आणि शंटिंगमध्ये, म्हणजे डबे इकडून तिकडे हलवताना, तोच सांधा तासात कितीदा तरी बदलावा लागतो. तो बदलणारा सांधेवाला तसाही जागेवर उभा असतोच.

साइडिंग, म्हणजे बाजूची वाट, मुख्य मार्गाला जिथे मिळते तिथे मात्र हाताच्या सांध्यालाही बांधून ठेवले गेले. १८७५ च्या सुमारास आलेली ॲनेट चावी हा त्यातला सुबक उपाय. चावी एकच, ती केबिनमधून काढली की तिथले सिग्नल अडकून बसतात, आणि साइडिंगचा दांडा त्याच चावीने सुटतो.

यार्डात जीभ धरून ठेवण्याचे काम करते लोखंडी वजन. दांड्याच्या टोकावर ते असते, दांडा अर्धवर्तुळात पलटला की वजन दुसऱ्या बाजूला पडते आणि जिभेला सतत दाबून ठेवते. दुसऱ्या प्रकारात वजन एकाच बाजूला परत येते. वाट बदलायची तर माणसाने गाडी पूर्ण निघेपर्यंत दांडा धरून उभे राहायचे. जर्मन यार्डात वजन अर्धे काळे, अर्धे पांढरे रंगवतात. पांढरा भाग वर असेल तर सांधा नेहमीच्या स्थितीत आहे, हे लांबूनही कळते.

वजन दाबते, पण कुलूप लावत नाही. जीभ आणि स्टॉक रेल यांच्यात गिट्टीचा एक खडा अडकला तरी दांडा खाली पडलेला दिसतो आणि जीभ मात्र उघडी असते. चाकाची कड त्या फटीत शिरली की डबा उतरतो. म्हणून दांडा पाहून सांधा लागला असे कधीही धरू नये. टोकापाशी जाऊन जीभ टेकलेली पाहावी. झिजही अशीच दगा देते. दांड्यापासून जिभेपर्यंत पाच पिना असतील आणि प्रत्येकीत एक मिलिमीटर ढिलाई असेल, तर पाच मिलिमीटर सरक वाटेतच हरवते. जीभ जिच्यावर सरकते त्या स्लाइड चेअरवर तेल जास्त घातले तर त्यात वाळू धरते आणि सांधा जड होतो. अशा वेळी वजन वाढवण्याचा मोह होतो, पण आधी चेअर पुसून काढावी.

बदलण्याआधी सांध्यावर किंवा त्याच्या अगदी जवळ डबा उभा नाही ना, हे बघतात. डबा सांध्यावर असताना दांडा पलटला तर त्याच डब्याखालची पुढची बोगी (चाकांची चौकट) एका वाटेने आणि मागची दुसऱ्या वाटेने जाते. दांडा शेवटपर्यंत न्यायचा, पाय वजनाखाली येऊ द्यायचा नाही, आणि गाडी फेसिंग दिशेने जाणार असेल तर क्लॅम्प किंवा पिन लावायची.

सर्वात फसवा प्रसंग ट्रेलिंगचा, म्हणजे फाट्याकडून येण्याचा. सांधा उलट लागलेला असताना फाट्याकडून आलेले इंजिन जीभ ढकलत सांध्यावर चढते, आणि चालक चूक लक्षात येऊन तिथेच थांबतो. इथवर बहुधा काही बिघडत नाही. पण त्याच क्षणी मागे घेतले तर पलीकडे गेलेल्या चाकांना जीभ आता फेसिंग असते आणि वजनाने ती पुन्हा मूळ बाजूला आलेली असते. काही चाके एका वाटेवर, काही दुसऱ्या. अशा वेळी सगळी गाडी सांध्याच्या पुढे पूर्ण काढावी लागते, किंवा जिभा योग्य बाजूला आणून क्लॅम्प केल्याशिवाय मागे घेत नाहीत. मग स्ट्रेचर बार वाकला आहे का, जिभेचे टोक चेपले आहे का आणि बोल्ट ढिले झाले आहेत का, ते तपासून दांडा दोन्ही बाजूंना पूर्ण पलटून बघतात.