गरम बुश खोटं बोलतो

घरात लेथ, म्हणजे धातू फिरवत कापायचं मशीन, आहे म्हटलं की कुणीतरी हसत विचारतंच, ‘बंदूक करतोस काय रे?’ परवान्याशिवाय बंदुकीचा साधा सुटा भाग करणंही 1959च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे, त्यामुळे त्या वाटेला मी जात नाही. पण वडगावातल्या माझ्या पत्र्याच्या शेडमध्ये तोफेचा धातू मात्र रोज कापला जातो. बेळगावच्या उद्यमबागेत कुणालाही विचारा, बुश, म्हणजे फिरत्या दांड्याभोवती बसणारी नळी, कशाचा? ‘गनमेटलचा.’ साधारण 88 टक्के तांबं, 10 टक्के कथील, 2 टक्के जस्त. एके काळी याच्या तोफा ओतत, नाव तेवढं राहिलं.

गेल्या एप्रिलमध्ये खानापूरकडच्या एका नातेवाइकांच्या रसवंतीच्या चरकासाठी असाच एक बुश केला. बाहेरचा व्यास 40 मिमी. चरकाच्या बिडाच्या भोकापेक्षा तो 20 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचे 20 हजारावे भाग, मोठा हवा होता, म्हणजे घट्ट बसला असता. मायक्रोमीटर या मापायच्या अवजारावर ती दोन घरं. शेवटचा बारीक कट घेतला, लगेच मापलं. बरोब्बर! चहा घेऊन आलो, तर बुश हाताने सर्रकन आत गेला.

शेजारचे टर्नर काका दारातूनच म्हणाले, ‘गरम असतानाच मापलास की रे!’

हिशेब सोपा आहे. गनमेटलचा एक मीटरचा तुकडा एका अंशाला साधारण 18 मायक्रॉन वाढतो. कापताना माझा बुश शेडपेक्षा 30 अंशांनी तापला असेल, तर 40 मिमीवर 21-22 मायक्रॉन फुगला. निवल्यावर तेवढाच आकसला आणि घट्टपणा गेला.

ही ऊब येते कुठून, याचं उत्तर तोफांच्याच कारखान्यात सापडलं. म्युनिकच्या शस्त्रागारात काउंट रमफर्ड हा शास्त्रज्ञ पितळी तोफांना भोकं पाडून घेत असे. उष्णता हा धातूत साठलेला एक अदृश्य द्रव आहे, असं तेव्हा बहुतेक विद्वान मानत. रमफर्डने मुद्दाम बोथट हत्यार लावलं, भोवती पेटीत पाणी भरलं आणि घोड्यांच्या जोरावर तोफेचा तुकडा त्यावर फिरवत ठेवला. अडीच तासांत पाणी उकळलं, विस्तव नसताना! घासत राहा, उष्णता निघतच राहते. साठलेला द्रव असता तर कधीतरी संपला असता. 1798 साली त्याने हे प्रसिद्ध केलं.

लेथवर घासण्याच्या जोडीला धातू वाकून, फाटून कीस होतो, त्यातूनही उष्णता निघते, किंबहुना जास्त. वेगाने कापलं तर तिचा बराचसा भाग किसाबरोबर उडून जातो. माझं मशीन जुनं, फेरे कमी, त्यात त्या दिवशी टूल बोथट. म्हणजे नकळत रमफर्डचाच प्रयोग चालला होता, आणि ऊब जॉबमध्ये, म्हणजे कापल्या जाणाऱ्या तुकड्यात, मुरत होती.

ड्रॉइंगवरचं माप 20 अंश सेल्सिअसचं धरायचं, असा जगभरचा संकेत आहे. एप्रिलमध्ये आमच्या पत्र्याखाली 20 कुठले? पण घाबरायचं कारण नाही. मायक्रोमीटर आणि जॉब सारख्याच तपमानाला असतील, तर दोघंही फुगलेले असतात आणि चूक बरीचशी कटते. 35 अंशांना पोलादी मायक्रोमीटर आणि गनमेटलचा 40 मिमीचा बुश यांत फरक पडतो जेमतेम 4 मायक्रॉनांचा. रसवंतीला तो चालतो. मायक्रोमीटरच्या कमानीवर प्लॅस्टिकची पट्टी असते ती त्यासाठीच, हाताची ऊब पोलादाला लागू नये म्हणून. मी ती कित्येक वर्षं शोभेची समजत होतो.

दुसरा बुश कापून तासभर तसाच ठेवला, मग मापला. आता बसवायचा कसा? हातोडा मारला तर काठ चेपतो. काका म्हणाले, ‘फ्रीजात ठेव की.’ उणे 18 अंशांना तो जवळपास 35 मायक्रॉन आकसला. मटारच्या पिशवीखालून काढला, फडक्याने पुसला आणि अंगठ्याने आत ढकलला. दहा मिनिटांनी हलवून पाहिला, तर जागचा हलेना.