बँक मित्र (कोकण)

बँकेच्या वतीने गावातच खाते उघडून देणारा, पैसे भरून घेणारा आणि काढून देणारा प्रतिनिधी. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २००६ मध्ये बँकांना असे प्रतिनिधी नेमण्याची मुभा दिली. २८ ऑगस्ट २०१४ रोजी जनधन योजना सुरू झाल्यावर त्यांचे जाळे पसरले. कोकणात हे काम बहुधा किराणा दुकानात किंवा झेरॉक्सच्या टपरीत चालते. इथे त्याची गरज खरी आहे: दाभोळ आणि धोपावे समोरासमोर दिसतात, पण मध्ये वाशिष्ठीची खाडी. फेरीबोट चुकली की मोठा वळसा.

पैसे काढताना आधी बँकेचे नाव निवडतात, मग आधार क्रमांक व रक्कम टाकून बोट यंत्रावर टेकवतात. पैसे बँक मित्र स्वतःच्या गल्ल्यातून देतो. तेवढी रक्कम त्याच्या खात्यात जमा होते. भरणा करताना उलटे घडते. म्हणून गणपतीआधी, चाकरमान्यांनी मुंबईहून पाठवलेले पैसे काढायला सगळी वाडी एकदम आली, की गल्ला दुपारीच रिकामा होतो. सुट्टी लागण्याआधी शाखेतून रोकड आणून ठेवणारा बँक मित्रच तेव्हा उपयोगी पडतो.

सर्वांत मोठी अडचण बोटांची. काजू फोडणाऱ्या बायकांची कातडी टरफलातल्या तेलाने सोलवटते, जांभा तासणाऱ्यांच्या रेषा झिजतात, मासळी निवडणाऱ्यांची बोटे पाण्याने सुरकुततात. यंत्र ठसा नाकारते आणि माणूस उपाशी परत जातो, हे फार वाईट. अंगठाच लागतो हा गैरसमज आहे. दहापैकी कुठलेही बोट चालते. हात धुऊन कोरडे करावेत, यंत्राची काच पुसावी आणि एकेक बोट लावून पाहावे. तरीही जमले नाही तर आधार केंद्रात ठसे नव्याने द्यावेत.

दुसरी गल्लत बँकेची. सरकारी अनुदान आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जाते. दोन खाती असली की आजी जुने पासबुक घेऊन येते आणि शिल्लक शून्य दिसते. पैसे गेलेले नसतात, दुसऱ्या बँकेत असतात.

पावसात रेंज गेली की व्यवहार अर्धवट राहतो: खात्यातून रक्कम वजा, हातात काही नाही. अशा वेळी बँक मित्राने ‘लागलं नाही, परत लावा’ म्हटले तर आधी शिल्लक तपासावी आणि नकाराची पावतीही मागून घ्यावी. अंगठा दोनदा लावून एकदाच पैसे देण्याची फसवणूक याच वाटेने होते. अडकलेली रक्कम बँकेने व्यवहारानंतर ५ दिवसांत परत करायची असते. त्यापुढे दर दिवशी १०० रुपये भरपाई द्यावी लागते. तक्रारीला पावतीवरचा व्यवहार क्रमांक लागतो.