फोडणीत खमंग, फेसल्यावर झणझणीत: मोहरीचं रसायन आणि तिचा बाजार

कोरड्या मोहरीला वास जवळजवळ नसतो. मूठभर दाणे नाकाशी धरले तरी काही जाणवत नाही. एक दाणा दाताखाली फोडला तर आधी किंचित कडवट लागतो आणि काही क्षणांनी झणका येतो. हा मधला वेळ महत्त्वाचा आहे. मोहरीचा झणका दाण्यात साठवून ठेवलेला नसतो, दाणा फुटून ओला झाला की तो तिथल्या तिथे तयार होतो. आपल्या स्वयंपाकातले मोहरीचे सगळे नियम यातूनच आले आहेत. मोहरी घराघरांत कशी विकली गेली, याचं उत्तरही मला इथेच सापडतं.

तपकिरी आणि काळ्या मोहरीत सिनिग्रिन नावाचं गंधकयुक्त संयुग असतं. त्याला स्वतःचा झणका नाही. दाण्यातल्याच दुसऱ्या पेशींमध्ये मायरोसिनेज नावाचं विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. दाणा अखंड असेपर्यंत दोघांची गाठ पडत नाही. दाणा चिरडला आणि पाणी मिळालं, की विकर सिनिग्रिनला जोडलेली साखर तोडून टाकतं आणि उरलेल्या भागातून अॅलिल आयसोथायोसायनेट बनतं. नाकात चढतं ते हेच.

विकर हे प्रथिन असल्यामुळे उष्णतेने ते निकामी होतं. कडकडीत तेलात मोहरी टाकली की दाण्यातल्या ओलाव्याची वाफ होऊन दाणा तडतडतो, पण विकर तोवर संपलेलं असतं. म्हणून फोडणीतली मोहरी खमंग लागते, झणझणीत लागत नाही. मोहरी फेसताना नेमकं उलट घडतं. लाल भोपळ्याच्या भरितासाठी किंवा काकडीच्या कोशिंबिरीसाठी मोहरी थोडं गार पाणी घालून डोळ्यांत पाणी येईपर्यंत वाटत राहायची. त्या वाटण्यात विकर आणि सिनिग्रिन पूर्ण मिसळतात. उकळतं पाणी घातलं तर कितीही वाटलं तरी झणका येत नाही.

आमच्याकडे मराठवाड्यात मृगाच्या तोंडावर कैरीचं लोणचं घातलं जातं. मोहरीची डाळ, मीठ, तिखट, हळद, मेथी, हिंग, वर शेंगदाण्याच्या नाहीतर करडईच्या तेलाची फोडणी. बहुतेक घरांत एक नियम कडक पाळतात: फोडणी पूर्ण गार झाल्याशिवाय ओतायची नाही. गरम तेलाने लोणचं खराब होतं, एवढंच कारण सांगितलं जातं. त्यामागचं रसायन असं, की गरम तेल मोहरीच्या डाळीतलं विकर मारून टाकतं. गार तेलाखाली ते शाबूत राहतं, कैरीला सुटलेलं पाणी त्याला मिळतं आणि लोणच्यात मोहरी चढते. अॅलिल आयसोथायोसायनेट नुसत्या पाण्यात हळूहळू विघटित होतं, पण आम्लात जास्त टिकतं. कैरीचा आंबटपणा ते काम करतो. हे द्रव्य बुरशी आणि जिवाणूंनाही रोखतं, जपानमध्ये खाद्यपदार्थ टिकवण्यासाठी त्याचा वापर होतो. ज्या बायकांनी प्रयोगशाळा कधी पाहिली नाही, त्यांनी विकर, आम्ल आणि तापमान या तिन्हींचा मेळ अचूक बसवला होता. याचं मला फार मोल वाटतं.

वनस्पतीने हे सगळं आपल्या लोणच्यासाठी केलेलं नाही. पान कुरतडणाऱ्या किडीच्या तोंडात झणका उठावा, यासाठी ही सोय आहे. काही किडींनी मात्र तिच्यावर मात केली आहे. कोबीवरचा चौकोनी ठिपक्यांचा पतंग या रसायनांच्या वासावरच आपलं झाड ओळखतो आणि त्यावर अंडी घालतो. म्हणून कोबीच्या शेतात मध्ये मध्ये मोहरीच्या ओळी लावायची शिफारस आहे. पतंग मोहरीकडे जातो, कोबी वाचतो. याला सापळा पीक म्हणतात.

मिरचीचा जाळ आणि मोहरीचा झणका वेगळा का, हेही सांगता येतं. मिरचीतलं कॅप्सेसिन हवेत सहज उडत नाही, ते जिभेला चिकटून राहतं. मोहरीतलं द्रव्य उडून जाणारं आहे, ते घशामागून नाकात शिरतं आणि थोड्या वेळात ओसरतं. दोघांची जाणीव टिपणारे मज्जातंतूंवरचे ग्राहक रेणूही, म्हणजे रिसेप्टर, वेगळे आहेत. कॅप्सेसिनचा ग्राहक १९९७ मध्ये सापडला. मोहरीचा झणका टीआरपीए१ नावाच्या ग्राहकावर काम करतो, हे २००४ मध्ये स्पष्ट झालं. या क्षेत्रातल्या कामासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं. युरोपातली पांढरी मोहरी आणखी वेगळी. तिच्यातून बनणारं द्रव्य फारसं उडत नाही, त्यामुळे ती जिभेवर चुरचुरते आणि नाकाला सोडून देते.

आता बाजाराकडे येऊ. ओली, कालवलेली मोहरी विकायची तर ती टिकवण्यासाठी आम्ल हवं. रोमन काळात कोलुमेला या शेतीविषयक लेखकाने व्हिनेगरमध्ये मोहरी कालवायची कृती लिहून ठेवली. फ्रान्समधल्या दिजों शहरात १६३४ मध्ये मोहरी करणाऱ्यांच्या व्यवसायाचे नियम ठरले. इंग्लंडने दुसरी वाट धरली. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला डरहॅम इथल्या मिसेस क्लेमेंट्स या बाईंनी मोहरी पिठासारखी दळून, चाळून, कोंडा काढून विकायला सुरुवात केली. कोरड्या पिठात पाणी नाही, म्हणून झणकाही नाही. तो गिऱ्हाइकाच्या घरी, पाणी घातल्यावर तयार होणार. असा माल डब्यात घालून कितीही लांब पाठवता येतो.

जेरेमाया कोलमन यांनी १८१४ मध्ये नॉर्विचजवळच्या स्टोक होली क्रॉस इथली गिरणी घेतली आणि हाच व्यवसाय वाढवला. त्यांच्या पिठात तपकिरी आणि पांढरी मोहरी मिसळलेली असते, म्हणजे नाक आणि जीभ दोन्हींची सोय. पण त्या काळात इंग्लंडमध्ये भेसळ बोकाळली होती. आर्थर हिल हसाल या डॉक्टरांनी १८५० च्या दशकात सूक्ष्मदर्शकाखाली बाजारातले पदार्थ तपासले, तेव्हा मोहरीच्या पुडीत गव्हाचं पीठ निघालं आणि त्याचा फिकेपणा झाकायला घातलेली हळद निघाली. कोलमनच्या डब्यावर बैलाचं मुंडकं आलं ते १८५५ मध्ये, याच दशकात. वाचता न येणाऱ्या गिऱ्हाइकालाही ओळखता येईल असं ते चिन्ह होतं. १८६६ मध्ये व्हिक्टोरिया राणीचे पुरवठादार म्हणून मान्यताही मिळाली.

मला सगळ्यात शिकण्यासारखी वाटते ती १९२६ मधली 'मस्टर्ड क्लब'ची मोहीम. एस. एच. बेन्सन या जाहिरात संस्थेने ती कोलमनसाठी चालवली. पुढे रहस्यकथांसाठी गाजलेल्या डोरोथी सेयर्स तेव्हा तिथे जाहिराती लिहीत. लंडनच्या बसांवर एकच प्रश्न झळकला: बाबा मस्टर्ड क्लबमध्ये आले का? क्लबचे बिल्ले होते, पाककृती होत्या, नियम होते. ताजी कालवलेली मोहरीच मागायची, मुलांना लहानपणीच सवय लावायची, असा त्या नियमांचा रोख होता. 'ताजी' या आग्रहामागे रसायन आहे. पाण्यात कालवलेली मोहरी काही मिनिटांत चढते आणि काही तासांत उतरते. उरलेली फेकावी लागते, पुढच्या जेवणाला पुन्हा डबा उघडावा लागतो. कोलमनची श्रीमंती लोकांनी ताटाच्या कडेला टाकलेल्या मोहरीतून आली, असं इंग्लंडमध्ये म्हणतात ते उगाच नाही.

अमेरिकेत फ्रेंच आडनावाच्या बंधूंनी १९०४ च्या सेंट लुइसच्या जागतिक प्रदर्शनात सौम्य, पिवळीजर्द, तयार मोहरी आणली. पांढरी मोहरी, व्हिनेगर आणि रंगासाठी हळद. हसाल यांनी जी हळद भेसळ म्हणून पकडली, तीच इथे उघडपणे मालाची ओळख झाली. हिंगोली जिल्ह्यातल्या वसमतच्या बाजारात हळदीचे ढीग पाहणाऱ्याला ही गोष्ट कळायला हवी.

घरी दळण्याऐवजी तयार माल विकत घेण्याचा हा बदल आपल्याकडे उशिरा आला. लातूरच्या गंजगोलाईत, जिथे सोळा रस्ते एकत्र येतात, तिथे किंवा कुठल्याही तालुक्याच्या बाजारपेठेत मोहरी पोत्यातून काढून कागदाच्या पुडीत मिळायची. तिची डाळ घरी जात्यावर भरडून सुपाने पाखडून करायची. गिरगावात १९१० साली किराणा दुकानापासून सुरू झालेले बेडेकर आणि पुण्यात १९६२ मध्ये सुरू झालेले प्रवीण मसालेवाले यांच्यासारख्यांनी ते भरडणं-पाखडणं पाकिटात घातलं. लोणचं मसाला हा त्यातला सर्वांत हुशार माल, असं माझं मत आहे. तयार लोणचं घेताना अनेक घरांत बायकांना कमीपणा वाटायचा. मसाल्याच्या पाकिटाने कष्टाचा भाग उचलला आणि कैरी फोडून लोणचं घालण्याचा मान घरातच ठेवला.

पाकिटावरचा विश्वास वाढायला भीतीही कारणीभूत झाली. १९९८ मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याचं तेल मिसळलं गेलं आणि साठाहून अधिक माणसं दगावली. पिवळ्या धोत्र्याचं बी मोहरीसारखंच दिसतं, आपल्याकडे रस्त्याकडेला आणि पडीक रानात ते झुडूप भरपूर आहे. त्यानंतर मोहरीच्या सुट्या तेलाच्या विक्रीवर बंधनं आली. मराठवाड्यात मोहरीचं तेल फारसं कुणी खात नाही, पण सुट्या मालाबद्दलची शंका इथपर्यंत पोचली.

आज आपल्याकडचे महिला बचत गट येसूर, काळा मसाला आणि लोणचं मसाला पाकिटातून विकतात. माल उत्तम असतो. पाकिटावर 'घरगुती' हा शब्द मोठ्या अक्षरांत असतो, आणि तो खराही असतो. पण शहरात वाढलेली नवी सून किंवा वसतिगृहातला मुलगा ते पाकीट घेतो, गरम फोडणी ओततो आणि मसाल्यात दम नाही म्हणून पुढच्या वेळी दुसरं घेतो. मस्टर्ड क्लबने लोकांना मोहरी वापरायची कशी हे शिकवलं आणि त्यातूनच माल खपला. बचत गटांनाही हे जमण्यासारखं आहे, कारण ही कृती त्यांच्याच घरातली आहे. पाकिटामागे दोन ओळी छापायला जास्त खर्च येत नाही: 'फोडणी पूर्ण गार करून ओता. गरम तेलाने मोहरीचा झणका तयारच होत नाही.'