निनावी आळ: गोव्यातली पार्श्वभूमी

वाड्यावरच्या व्हॉट्सॲप ग्रुपात एखाद्याचा फोटो येतो, खाली 'या माणसापासून सावध राहा' अशी ओळ असते, आणि दुपारपर्यंत तो फोटो पेडण्यापासून काणकोणपर्यंत पोचलेला असतो. आरोप कोणी केला, हे कोणालाच ठाऊक नसते. गोव्याला हा प्रकार नवा नाही. इथे 1560 ते 1812 या काळात, मध्ये थोडा खंड वगळता, इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगीज अमदानीतले धर्मन्यायालय, चालले. त्याच्या कामकाजात चहाडी करणाऱ्याचे नाव आरोपीला कळू दिले जात नसे. दमणमध्ये पकडून गोव्यात आणलेल्या शार्ल देलाँ या फ्रेंच वैद्याला 1676 मध्ये शिक्षा झाली. आपल्यावर नेमका काय आरोप आहे हे कैद्यानेच ओळखून कबूल करावे अशी तिथली अपेक्षा होती, असे त्याने लिहून ठेवले आहे. आज ज्याचा फोटो फिरतो त्याची अवस्था फारशी वेगळी नसते.

गावाकडे आळ फेडण्याची दुसरी रीतही होती आणि अजून आहे. नारळ ठेवून देवापुढे गाऱ्हाणे घालायचे, मूर्तीला पाकळ्या लावून कौल घ्यायचा. कौलाने खरेखोटे ठरते असे आम्ही म्हणणार नाही. पण या रीतीत आळ घेणारा गावाला माहीत असे. ज्याच्यावर बोट दाखवले त्याच्याशी उद्या विहिरीवर गाठ पडणार, हे त्याला ठाऊक असे. गोष्ट चव्हाट्यावर येई, पण चव्हाटा गावापुरताच होता. फोनने ती वेस पुसली.

याचे सर्वांत भीषण रूप 2018 मध्ये दिसले. मोटारसायकलवरून दोघे येतात आणि रस्त्यावरचे मूल उचलून नेतात, अशी एक चित्रफीत तेव्हा देशभर फिरत होती. ती मुळात कराचीतली, मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेली जनजागृतीची फीत होती. शेवटी ते दोघे मूल परत आणून सोडतात आणि फलक दाखवतात, तेवढाच भाग कोणीतरी कापला होता. मुले पळवणाऱ्या टोळ्यांच्या अशाच अफवांच्या दिवसांत, 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा येथे भिक्षेकरी भटक्या समाजातल्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. 17 जुलैला सर्वोच्च न्यायालयाने जमावाची हिंसा रोखण्यासाठी जिल्हावार नोडल पोलीस अधिकारी नेमण्याचे निर्देश दिले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली. वारंवार फॉरवर्ड झालेल्या मजकुरासाठी ती एप्रिल 2020 मध्ये एकावर आली. वेग घटला, पण मूळ पाठवणारा कोण हे फॉरवर्डवरून आजही दिसत नाही.

कायद्याचे काटे उलटसुलट फिरत आले. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 66अ इतके सैल होते की साध्या टीकेवरही अटक होई. 24 मार्च 2015 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले, आणि ते योग्यच झाले. पण मागे उरला तो बदनामीचा जुना गुन्हा. पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या कलम 499 आणि 500 मध्ये होता, 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये आहे. तो अदखलपात्र आहे, म्हणजे न्यायालयाच्या आदेशाविना पोलिसांना तपास करता येत नाही. म्हणून पोलीस स्टेशनवर नुसती नोंद होते आणि लोक 'पोलिसांनी काहीच केले नाही' म्हणत परततात. तक्रार घेऊन न्यायदंडाधिकाऱ्याकडे आपणच जायचे असते. 1930 हा हेल्पलाइन क्रमांक मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे. अशा तक्रारीसाठी राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल किंवा रायबंदरचे सायबर पोलीस स्टेशन गाठावे.

खटला फसतो तो बहुतेक पुराव्यापाशी. संतापून ग्रुप सोडला की पुढचे मेसेज दिसत नाहीत. पाठवणाऱ्याला मेसेज सर्वांसाठी पुसायला दोन दिवसांहून थोडा अधिक वेळ मिळतो, ॲडमिनही तो पुसू शकतो. म्हणून आधी जतन करा, मग भांडा. स्क्रीनशॉटमध्ये 'पिंटूकाका' असे सेव्ह केलेले नाव दिसते, नंबर दिसत नाही. त्या नावावर जाऊन नंबर दिसेल असा दुसरा स्क्रीनशॉट घ्यावा, चॅट एक्स्पोर्ट करावे आणि तो फोन विकू नये. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खाली प्रमाणपत्र लागते, त्यात फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून निघणारा ओळख-आकडा, लिहावे लागते. फाइलमध्ये एक अक्षर बदलले तरी ते मूल्य बदलते. प्रमाणपत्राचा दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा असतो.

फेसबुक, इन्स्टाग्रामवरच्या पोस्टसाठी 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला 24 तासांत पोच देण्याचे बंधन घातले. त्या तक्रारीत पोस्टची थेट लिंक हवी, नुसत्या चित्राने काम होत नाही.

ॲडमिनलाच धरा, असा सूर अशा वेळी हमखास निघतो. दुसऱ्याने टाकलेल्या मजकुरासाठी, संगनमत नसेल तर, ॲडमिन जबाबदार नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 1 मार्च 2021 रोजी म्हटले. पण स्वतः फॉरवर्ड करणाऱ्याला 'मी लिहिले नव्हते' एवढ्यावर सुटता येत नाही, कारण कायद्यात प्रसिद्ध करणे हाही बदनामीचाच भाग आहे. आरोप खोटा निघाल्यावर ग्रुपात जी शांतता पसरते ती सर्वांत क्रूर. शंभर जणांनी पुढे पाठवलेला फोटो असतो, खुलासा पाठवायला दोघेही पुढे येत नाहीत. आळ आलेला माणूस त्या खुलाशाची वाट पाहत बसतो, आणि तिकडे नुकसानभरपाईच्या दिवाणी दाव्याची मुदत सरते. ती बदनामी प्रसिद्ध झाल्यापासून एकच वर्ष असते. फौजदारी तक्रारीला तीन वर्षे मिळतात.