आयरिस : इंदूरच्या परसबागेतील लागवड, ओळख आणि संकर

आयरिस (कुल–इरिडेसी) : सुमारे तीनशे जातींची ही फुलझाडांची प्रजाती उत्तर गोलार्धाच्या समशीतोष्ण पट्ट्यात पसरलेली आहे. भारतात तिच्या वन्य जाती हिमालयात आणि ईशान्येच्या डोंगरांत आढळतात. काश्मिरात कबरींवर लावतात ती पांढरी आ. (आयरिस) काश्मिरियाना, कुमाऊँवरून नाव मिळालेली बुटकी आ. केमाओनेन्सिस आणि मणिपूरकडची आ. वॅटाय या त्यांपैकी काही. माळव्यात मूळची अशी एकही जात नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मी. उंचीवरच्या इंदुरात उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो, थंडी सौम्य व थोडे आठवडेच असते आणि जून ते सप्टेंबर काळी माती चिखल होऊन राहते. त्यामुळे या शहरात कोणती दुर्मिळ आयरिस लावायची हे फुलाच्या रंगावर ठरत नाही, ती पावसाळ्यात तगते की नाही यावर ठरते.

ओळख : आयरिसच्या फुलात खाली झुकलेली तीन परिदले (फॉल), उभी तीन परिदले (स्टँडर्ड) आणि पाकळ्यांसारख्या रुंद तीन किंजल-शाखा असतात. प्रत्येक शाखेखाली एकेक केसरदल लपलेले असते आणि शाखेच्या टोकाजवळ खालच्या अंगाला ओठासारखी पातळ घडी असते, ती किंजल्क, म्हणजे पराग स्वीकारणारा भाग. बीजांडकोश फुलाच्या खाली, तीन कप्प्यांचा. फॉलवर केसांचा पट्टा असेल तर दाढीची, कोंबड्याच्या तुऱ्यासारखी कड असेल तर तुऱ्याची, काहीच नसेल तर बिनदाढीची, अशी पहिली विभागणी होते. जमिनीखाली मूलक्षोड (बागेतल्या बोलीत गाठ) आहे की कांद्यासारखा कंद, हे त्यानंतर पाहावे. फुलबाजारात येणारी डच आयरिस कंदाची. तिची पाने पन्हाळीसारखी खोलगट असतात, गाठवाल्या आयरिसची तलवारीसारखी चपटी.

रोपवाटिकेत ‘आयरिस’ म्हणून मिळणारे रोप अनेकदा डायटीस किंवा निओमारिका ही आयरिससारखी दिसणारी वेगळी झाडे निघतात. डायटीसची परिदले तळापर्यंत सुटी असतात, खऱ्या आयरिसची खाली जुळून नळी बनते. निओमारिकाचे फूल पानासारख्या चपट्या दांड्यातून निघते आणि फुलून गेल्यावर तिथेच पिल्लू धरते. दांडा वाकून जमिनीला टेकला की ते मूळ सोडते. दोन्ही झाडे इंदुरात उत्तम वाढतात, पण आयरिसशी त्यांच्या संकराची आशा धरू नये.

नुसत्या रंगावरून जात ओळखणे धोक्याचे. अमेरिकेत १९३१ मध्ये जॉन स्मॉल आणि एडवर्ड अलेक्झांडर यांनी लुइझियानाच्या दलदलीतून डझनावारी नव्या ‘जाती’ वर्णन केल्या. १९३५ मध्ये पर्सी व्हिऑस्का यांनी त्यांतल्या बहुतेक दोन-तीन जातींचे नैसर्गिक संकर असल्याचे दाखवले. फुलाची उंची, दांड्याची वळणे, बोंडाच्या कडा आणि बियांचे साल ही लक्षणे एकत्र नोंदवल्याशिवाय नाव देऊ नये.

इंदुरासाठी निवड : सर्वांत भरवशाची आ. डोमेस्टिका, बागवानांची ब्लॅकबेरी लिली. पूर्वी ती बेलामकँडा या वेगळ्या प्रजातीत होती. डीएनएच्या पुराव्यानंतर २००५ मध्ये आयरिसमध्ये आली. नारिंगी, लाल ठिपक्यांचे फूल एकच दिवस टिकते आणि संध्याकाळी पिळून मिटते. बोंड उकलले की चकचकीत काळ्या बियांचा घोस दिसतो. ही पाऊस सोसते, बियांपासून पहिल्या-दुसऱ्या वर्षीच फुलते.

दुसरा गट लुइझियाना आयरिसचा : विटकरी लाल आ. फुल्व्हा, उंच निळी-जांभळी आ. जायगँटिसेरुलिया, नागमोडी दांड्याची बुटकी आ. ब्रेव्हिकॉलिस, तसेच आ. हेक्सागोना आणि आ. नेल्सोनाय. दलदलीतल्या असल्याने पावसाळा त्यांना मानवतो. त्यांची खरी अडचण चुनखडीची. इंदूरच्या काळ्या मातीचा सामू (पीएच) बहुधा ७.५ ते ८.५, तर या झाडांना ६.५ च्या आसपास हवा असतो. बोअरिंगचे जड पाणी दिले की नवी पाने पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हा लोहाचा अभाव आहे, नत्राचा नव्हे. अशा वेळी युरिया टाकून काही साधत नाही. फेरस सल्फेट चुनखडीच्या मातीत लगेच अडकते आणि ईडीटीए प्रकारचे चिलेट (लोह बांधून विद्राव्य ठेवणारे संयुग) या सामूला टिकत नाही. ईडीडीएचए प्रकारचे लोह द्यावे. त्याहून बरे म्हणजे त्यांना जमिनीत न लावता ४०–४५ सेंमी. रुंदीच्या, भोके नसलेल्या टबात लावावे आणि गच्चीवर साठवलेले पावसाचे पाणी द्यावे.

दाढीच्या उंच आयरिसचा मोह अनेकांना पडतो. तिला फुलण्यासाठी इंदुरात पडते त्याहून लांब थंडी लागते आणि गाठीचा पाठीचा भाग उघडा, कोरडा राहावा लागतो. इथे थंडी पुरत नाही आणि जुलैत गाठ कोरडी राहणे अशक्य. पाने छान येतात, फूल क्वचित. पांढरी, वांझ आ. अल्बिकान्स थोड्या थंडीवर भागवते, म्हणून हट्टच असेल तर तीच कुंडीत लावावी आणि पावसाळाभर छपराखाली ठेवावी. जपानी आ. एन्साटाला चुना अजिबात चालत नाही. हिमालयातल्या जाती डोंगरावरून उपटून आणणे तर सर्वस्वी चुकीचे : त्या इथे उन्हाळा काढत नाहीत, आणि तिथली वस्ती मात्र कमी होते.

लागवड : टबातल्या लुइझियानांसाठी दोन भाग कुजलेले कंपोस्ट, एक भाग कोकोपीट, एक भाग पोयट्याची माती. कंपोस्टच्या बाबतीत इंदूरकरांच्या हाताशी घरचीच विद्या आहे : इथल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी १९२४ नंतरच्या वर्षांत ‘इंदूर पद्धत’ बसवली. पालापाचोळा, शेण, राख व माती यांचे थर ओले ठेवून, वेळोवेळी उलथून सुमारे तीन महिन्यांत खत तयार होते. आयरिससाठी त्यातली राख वगळावी, कारण तिने सामू वाढतो. ताजे शेण तर कोणत्याच आयरिसला देऊ नये, गाठ सडते.

लुइझियानाची गाठ २–३ सेंमी. खोल लावून वर ५–८ सेंमी. पाचोळ्याचे आच्छादन घालावे. उघडी गाठ एप्रिल-मेच्या उन्हात भाजते. मार्चपासून दुपारची सावली द्यावी. गाठी सप्टेंबर-ऑक्टोबरात, पाऊस ओसरताच विभागाव्यात. फुललेली गाठ पुन्हा फुलत नाही, बगलेतले कोंबच पुढचे फूल देतात. म्हणून विभागताना तेच ठेवावेत. आ. डोमेस्टिका काळ्या जमिनीतही चालते, पण २०–२५ सेंमी. उंच गादीवाफ्यावर, मुरूम मिसळून, २५–३० सेंमी. अंतरावर.

दमट उकाड्यात पानाच्या बुडाशी पांढरे तंतू आणि मोहरीएवढे तपकिरी दाणे दिसले तर ती स्क्लेरोशियम बुरशी. रोप आणि भोवतालची माती काढून टाकावी. ती माती कंपोस्टात घालू नये. पुढच्या मे महिन्यात वाफा ओला करून पारदर्शक प्लास्टिकने चार ते सहा आठवडे झाकावा. दुर्गंधीसह गाठ लिबलिबीत झाली तर तो जिवाणूजन्य मऊ सड. सडलेला भाग निरोगी गरापर्यंत कापून गाठ दोन दिवस सावलीत वाळवावी, सुरी प्रत्येक कापानंतर स्पिरिटने पुसावी.

संकर : दुर्मिळ आयरिस विकत घेण्यापेक्षा घडवणे इंदुरात अधिक शक्य आहे. आ. डोमेस्टिका आणि आ. डायकोटोमा या दोहोंची गुणसूत्रे ३२, त्यामुळे त्यांचा संकर (आ. नॉरिसाय, ‘कँडी लिली’) फलदायी असतो आणि त्याच्या बियांतून पिवळ्यापासून जांभळ्यापर्यंत रंग मिळतात. अडचण वेळेची आहे. डोमेस्टिका सकाळी उमलते, डायकोटोमा दुपारनंतर. डोमेस्टिकाचे फूल उमलताच तिन्ही परागकोश चिमट्याने काढावेत आणि फुलावर पातळ कापडाची पिशवी चढवावी. दुपारी डायकोटोमा उघडली की तिचा परागकोश डोमेस्टिकाच्या बारीक किंजलाच्या तीन टोकांना टेकवावा. उलट दिशेने करायचे तर सकाळचे पराग कागदाच्या पुडीत कोरडे ठेवावेत.

लुइझियानात आदल्या संध्याकाळी फुगलेली कळी हेरावी. उमलण्याआधी फॉल तोडावेत म्हणजे मधमाशीला बसायला जागा उरत नाही, मग परागकोश काढावेत. पराग ओठाच्या बाहेरून दिसणाऱ्या, ओलसर बाजूला लावायचे असतात. नवशिके ते शाखेच्या पाठीवर लावतात आणि बोंड धरत नाही. चार-पाच दिवसांत बीजांडकोश फुगला नाही तर प्रयोग फसला समजावे. साधी (द्विगुणित, गुणसूत्रांचे दोन संच असलेली) आणि चतुर्गुणित (चार संच असलेली) वाणे एकमेकांशी सहसा बी देत नाहीत, म्हणून वाण घेतानाच ते विचारावे. फुल्व्हा व जायगँटिसेरुलियाची पहिली पिढी बहुतांशी मधल्या, मद्यासारख्या जांभळ्या रंगांची येते. हा निकाल मानून थांबू नये : त्याच रोपांचा आपसात संकर केला की दुसऱ्या पिढीत रंग फुटतात.

बोंड पिवळे पडून टोकाला फुटू लागले की बी काढावे. लुइझियानाच्या बीवरचे बुचासारखे जाड साल सोलून बी दोन दिवस भिजत ठेवावे, रोज पाणी बदलावे. उगवण एकसारखी होत नाही, काही बिया दुसऱ्या हिवाळ्यात येतात. कुंडी फेकू नये. फूल दोन ते तीन वर्षांनी.

नोंदीत आधी बी देणारी आई, मग परागाचा बाप असा क्रम असतो. प्रत्येक बोंडाला तारीख आणि क्रमांकाची चिठ्ठी बांधावी. मार्कर पेनची अक्षरे माळव्याच्या उन्हात पुसट होतात, ॲल्युमिनियमच्या पट्टीवर खिळ्याने कोरलेली टिकतात. गाठवाल्या आयरिसच्या नव्या वाणाचे नाव १९२० मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन आयरिस सोसायटीकडे नोंदवता येते. त्यासाठी पालकांची नावे, वर्णन आणि आधी न वापरलेले नाव लागते. परदेशातून गाठी किंवा बी मागवताना २००३ च्या वनस्पती क्वारंटाइन आदेशाप्रमाणे आयात परवाना व रोगमुक्ततेचा दाखला आवश्यक आहे.