दुसरी गोळी का जोडतात? रक्तदाबाच्या संयुक्त औषधांविषयी

रक्तदाबाची एक गोळी सुरू असताना डॉक्टरांनी तिच्या जोडीला दुसरे औषध लिहून दिले, की आपला आजार बळावला असे बहुतेक रुग्णांना वाटते. पुष्कळदा तसे काहीच झालेले नसते. रक्तदाब पडू लागला की तो पुन्हा वर आणण्याची यंत्रणा शरीरातच असते आणि एकट्या औषधाला या यंत्रणेशी झुंजावे लागते. उदाहरणार्थ, हायड्रोक्लोरोथायाझाइडसारखे मूत्रल औषध मूत्रावाटे मीठ आणि पाणी बाहेर टाकून रक्तदाब उतरवते. पण मीठ कमी झाल्याची चाहूल लागताच मूत्रपिंडे रेनिन नावाचे द्रव्य सोडतात, त्यातून पुढे अँजिओटेन्सिन-२ तयार होते आणि रक्तवाहिन्या आकसतात. म्हणजे औषधाने कमावलेले थोडेफार शरीर परत घेते. अशा वेळी रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टनसारख्या औषधाने ही अँजिओटेन्सिनची वाट अडवली, तर दोन्ही औषधांचा परिणाम टिकतो.

मग पहिल्याच गोळीची मात्रा का वाढवू नये? वाढवता येते, पण हाती फारसे लागत नाही. ४२ चाचण्यांमधील सुमारे ११ हजार रुग्णांची माहिती एकत्र करून २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात असे दिसले, की एकाच औषधाची मात्रा दुप्पट केल्याने रक्तदाब जितका अधिक उतरतो, त्याच्या सुमारे पाचपट घट वेगळ्या गटातील दुसरे औषध जोडल्याने मिळते. शिवाय मूत्रल औषधांचे आणि रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या अम्लोडिपिनचे दुष्परिणाम मात्रेबरोबर वाढत जातात. दोन औषधे कमी मात्रेत देण्यामागे हा हिशेब असतो.

चांगल्या जोडीत एक औषध दुसऱ्याची उणीवही झाकते. अम्लोडिपिनमुळे सूक्ष्म धमन्या सैलावतात, पण त्या मानाने शिरा सैलावत नाहीत. त्यामुळे केशवाहिन्यांतील दाब वाढून द्रव बाहेर झिरपतो आणि घोटे सुजतात. ही सूज मूत्रल औषधाने फारशी हटत नाही, कारण शरीरात पाणी साठणे हे तिचे मूळ कारणच नसते. रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टन शिराही सैल करते, म्हणून त्यांच्या जोडीने ती कमी होते. पोटॅशियमचेही तसेच आहे : हायड्रोक्लोरोथायाझाइड ते घटवते, तर अँजिओटेन्सिनची वाट अडवणारी औषधे ते वाढवतात.

ही कल्पना नवी नाही. तीव्र उच्च रक्तदाबावर औषधोपचाराने लाभ होतो हे ठामपणे दाखवणारी अमेरिकेतील १९६७ ची चाचणी तीन औषधांच्या संयोगानेच झाली होती. तिच्यातील १४३ पुरुषांपैकी औषध न मिळालेल्या गटात २७ गंभीर घटना घडल्या आणि औषध मिळालेल्या गटात अवघ्या २.

मात्र कोणतीही दोन औषधे एकत्र केली की काम झाले, असे नाही. रामिप्रिल आणि टेल्मिसार्टन एकत्र देऊन पाहणाऱ्या, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत जास्तीचा फायदा दिसला नाही. उलट रक्तदाब फार उतरणे आणि मूत्रपिंडांना इजा होणे यांचे प्रमाण वाढले. दोन्ही औषधे एकच वाट अडवतात, म्हणून ही जोडी टाळतात. हृदयाची गती मंदावणारे व्हेरापामिल आणि बीटा-ब्लॉकर यांच्या बाबतीतही तितकीच सावधगिरी लागते.

माझ्या मते रुग्णाच्या दृष्टीने सर्वांत मोठी जोखीम वेष्टनावरील नावात असते. व्यापारी नाव एकच, आत औषधे दोन किंवा तीन. त्यामुळे जुनी गोळी बंद न करता नवी घेतली, तर एकच औषध नकळत दुप्पट पोटात जाते. म्हणून वेष्टनावर बारीक अक्षरांत छापलेली घटक-औषधांची नावे वाचावीत. रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टन आणि मूत्रल औषध सुरू असताना अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक परस्पर घेऊ नये, कारण या तिघांच्या संयोगाने मूत्रपिंड अचानक निकामी होऊ शकते. जुलाब-उलट्यांनी शरीरातील पाणी कमी झाले असेल तर ही शक्यता आणखी वाढते. तेव्हा गोळ्या चालू ठेवाव्यात की थोडे दिवस थांबवाव्यात, हे डॉक्टरांना लगेच विचारावे. 'कमी सोडियमचे मीठ' म्हणून मिळणाऱ्या पदार्थात बहुधा पोटॅशियम क्लोराइड असते आणि रामिप्रिल, टेल्मिसार्टन आधीच पोटॅशियम वाढवतात, म्हणून तेही विचारल्याशिवाय वापरू नये. रामिप्रिल आणि टेल्मिसार्टन या दोन्ही गटांतील औषधे गर्भाच्या मूत्रपिंडांना घातक ठरतात. गर्भधारणेचा विचार असेल तर डॉक्टरांना आधीच सांगावे. अशी औषधे सुरू केल्यावर काही आठवड्यांत रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे हे दाखवणारे द्रव्य) आणि पोटॅशियमची तपासणी होते, ती चुकवू नये.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये, औषधाची गरज असलेल्या प्रौढांना शक्यतो एकाच गोळीतील संयुक्त औषधाने उपचार सुरू करावेत, असे सुचवले. गोळ्या कमी असल्या की त्या चुकण्याचे प्रमाणही घटते. तरीही अतिवृद्ध, अशक्त किंवा उभे राहताच चक्कर येणाऱ्या रुग्णाला एकाच औषधाने सुरुवात करणे अधिक सुरक्षित ठरते. संयुक्त गोळीत एक अडचणही आहे : आतील एकाच औषधाची मात्रा बदलता येत नाही आणि त्रास झाला तर तो कोणत्या घटकामुळे, हे चटकन ओळखू येत नाही. त्यामुळे काही डॉक्टर आधी दोन्ही औषधे वेगवेगळ्या गोळ्यांतून देतात, योग्य मात्रा ठरवतात आणि मगच संयुक्त गोळी लिहून देतात.