बिटस्तरीय वाचन व लेखन

फाइलमधील किंवा प्रवाहातील माहिती बाइटची (आज रूढ असलेल्या आठ बिटांच्या गटाची) सीमा न पाळता हव्या तितक्या बिटांच्या (० किंवा १ या अंकांच्या) गटांनी वाचण्याची वा लिहिण्याची पद्धत. संकोचन (माहिती कमी जागेत बसवणे), चित्र-ध्वनींचे संकेतन आणि जाळ्यांवरील संदेशांचे आराखडे यांत ती अपरिहार्य ठरते. फाइल बाइटनेच वाचली-लिहिली जाते, म्हणून प्रोग्रॅम एका पूर्णांकात बिट साठवतो, सरकवतो व मुखवट्याने (नको असलेले बिट शून्य करणाऱ्या संख्येने) हवे तेवढे वेगळे काढतो.

या कल्पनेचा उगम एकाच यंत्रात शोधणे कठीण आहे. तथापि १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात आखलेल्या आयबीएम स्ट्रेच या संगणकाकडे तो नेणे अधिक सयुक्तिक वाटते. त्यात ६४ बिटांच्या शब्दातील प्रत्येक बिटाला पत्ता होता आणि बाइटची लांबी १ ते ८ बिट अशी बदलती होती. पुढे ३६ बिटी शब्दाच्या पीडीपी-१० या संगणकामध्येही बदलत्या लांबीच्या बाइटसाठी स्वतंत्र आज्ञा होत्या. आठ बिटांचा बाइट रूढ झाल्यावर हे काम यंत्राकडून प्रोग्रॅमरकडे आले.

खरा वाद बाइटमध्ये बिट भरण्याच्या क्रमाचा आहे. तीन बिटांत ५ आणि त्यानंतर पाच बिटांत ३ लिहायचे असल्यास, वरच्या (सर्वाधिक किमतीच्या) बिटापासून भरल्यास बाइट १६३ होतो, खालच्या बिटापासून भरल्यास २९. संगणकशास्त्रज्ञ डॅनी कोहेन यांनी १९८० मध्ये बाइट व बिट यांच्या क्रमाविषयीच्या टिपणात सुचवले, की कोणता क्रम निवडला यापेक्षा सर्वांचे एकमत महत्त्वाचे. ते एकमत अजून झालेले नाही. जेपेग हा चित्रांचा आराखडा व बीझिप२ हा संकोचनाचा आराखडा वरच्या बिटापासून भरतात, जिफ हा चित्रांचा आराखडा खालच्या. डिफ्लेट या संकोचन-पद्धतीमध्ये (आरएफसी क्रमांक १९५१ हा इंटरनेट दस्तऐवज, सन १९९६) दोन्ही नियम एकत्र नांदतात: संख्या खालच्या बिटापासून, हफमन संकेत (वारंवार येणाऱ्या चिन्हांना दिलेले आखूड व इतरांना दिलेले लांब संकेत) मात्र त्यांच्या वरच्या बिटापासून. त्यामुळे अनेक विसंकेतक (संकेतित माहिती उलगडणारे प्रोग्रॅम) आपल्या कोष्टकात संकेत उलटे करूनच ठेवतात. खालून भरण्यात बिट काढणे सोपे जाते. वरून भरल्यास हफमनसारख्या उपसर्ग-संकेतांची (ज्यांतील कोणताही संकेत दुसऱ्याची सुरुवात नसतो) संख्या म्हणून थेट तुलना करता येते. हफमन संकेतांपुरता वरून भरण्याचा क्रम अधिक स्वाभाविक मानावा लागतो.

सी भाषेतील बिट-क्षेत्रांची (ठरावीक बिटांच्या घटकांची) मांडणी संकलकावर (कंपायलरवर) अवलंबून असल्याने फाइलच्या आराखड्यासाठी ती टाळावीत. त्या भाषेत ३२ बिटी संख्या ३२ स्थाने सरकवण्याचा परिणामही निश्चित नसतो.

शेवटचा अपुरा बाइट कसा भरावा, हेही प्रत्येक आराखडा स्वतः ठरवतो. जेपेग तेथे १ भरतो. शिवाय संकेतित माहितीत २५५ मूल्याचा बाइट आल्यास, २५५ ने सुरू होणाऱ्या, फाइलचे भाग दाखवणाऱ्या खूणचिन्हाशी गल्लत होऊ नये म्हणून, पुढे शून्य बाइट घालतो.